भिजलेला आयपॉड: बिल यंत्राचं की गाण्यांचं?

एका वाचकाचा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक पँटच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये गेला. दोन दिवस तांदळात पुरून ठेवला, मग चार्जिंगला लावला. सफरचंद क्षणभर उजळलं आणि पडदा काळा झाला. दुरुस्ती करणाऱ्याने बोर्डाची सफाई, नवी बॅटरी आणि हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड असा एकत्रित आकडा सांगितला आहे. चालू स्थितीतला तसाच वापरलेला आयपॉड जेवढ्याला मिळतो, त्याच्या ६० टक्के. हमी नाही. सीडींवरून वर्षानुवर्षं उतरवलेली गाणी फक्त त्यातच आहेत. विचारणा अशी की, आपत्कालीन निधीतून हे पैसे काढावेत, की हप्त्यांवर नवा प्लेअर घ्यावा?

आधी एक काम करा. हे वाचून होईपर्यंत तो पुन्हा चार्जिंगला लावू नका.

आता पैशाचं बोलू. ६० टक्के ऐकायला स्वस्त वाटतात, पण हमी नसलेल्या दुरुस्तीचा आकडा तसा वाचायचा नसतो. वापरलेल्या आयपॉडची किंमत १०० धरा. दुरुस्ती जमण्याची शक्यता निम्मी असेल, तर ६० तुमचे जाणारच, शिवाय निम्म्या वेळा वर १०० घालून दुसरा घ्यावा लागणार. सरासरी खर्च ११०. म्हणजे थेट दुसरा घेण्यापेक्षा महाग. यश येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर असेल तरच हा व्यवहार परवडतो.

आणि तुमच्या बाबतीत ती वर असेल असं मला वाटत नाही. नुसत्या पाण्यापेक्षा त्यात विरघळलेले क्षार आणि साबण जास्त नुकसान करतात, आणि ओल्या बोर्डातून वीज खेळली की तांब्याच्या रेघा झपाट्याने गंजू लागतात. हिरवट पापुद्रा धरतो तो त्यामुळेच. तांदळाने आतला ओलावा विशेष निघत नाही, क्षार तर नाहीतच. उलट पीठ आणि धूळ आत शिरते. तुम्ही तो चार्जिंगला लावलात तेव्हा नुकसानीत भर पडली असणार. यात दोष देण्याचा हेतू नाही, दहातले नऊ जण हेच करतात.

म्हणून दुरुस्तीवाल्याशी बोलणी वेगळी करा. एकगठ्ठा आकडा मान्य करू नका. आधी फक्त उघडून तपासण्याचे पैसे, समजा १०, आणि उरलेले ५० दुरुस्त झालं तरच. तेवढ्याने तुमचा सरासरी खर्च ११० वरून ८५ वर येतो, शक्यता तीच निम्मी धरूनही. यावर तो तयार नसेल तर त्याच्या मनात यशाची शक्यता किती आहे हे तुम्हाला कळलंच. आणखी एक विचारा: तीन महिन्यांत पुन्हा बंद पडला तर काय? गंज सफाईनंतरही एखाद्या चिपखाली राहतो आणि महिन्याभराने डोकं वर काढतो. कार्डाची क्षमताही तपासा. १६० जीबीत ४०,००० गाणी मावतात अशी त्याची जाहिरात होती. तुमच्याकडे ४,००० असतील तर लहान कार्ड पुरेल.

गाण्यांचा हिशेब मात्र याच्यात मिसळू नका. सगळी गडबड इथेच होते. कार्ड बसवलं की आयपॉड वाजेल, पण तो रिकामा असेल. गाणी जुन्या डिस्कवर आहेत. ती डिस्क हवाबंद नसते, तिला श्वासाचं बारीक छिद्र असतं. आत पाणी गेलं असेल आणि तबकडी फिरवली, तर ती वाचणारं हेड तिच्यावर ओरखडे काढू शकतं. तपासणाऱ्याला सांगा: डिस्क बाजूला काढ, वीज देऊ नकोस, फेकू नकोस. ती कोरडी निघाली तर योग्य जोडणीने कॉम्प्युटरला लावता येते. गाणी 'आयपॉड कंट्रोल' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. फाइलींची नावं चार अक्षरांची, अगम्य, पण गाण्याची माहिती बहुधा फाइलच्या आतच असते. ओली निघाली तर डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावं लागेल, आणि तो खर्च आयपॉडपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतो.

त्याआधी एक साधा प्रश्न. त्या सीडी अजून माळ्यावर आहेत का? शंभर सीडी, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे सतरा तासांच्या आसपास. चार रविवार जातील, पैसा जाणार नाही. सीडी असतील तर डिस्कवर दमडी घालवू नका. बाजारात न मिळणारी ध्वनिमुद्रणं तिच्यात असतील, तर मात्र आयपॉड सोडा आणि सगळं बजेट डिस्कवर लावा.

आपत्कालीन निधीला हात लावू नका. तो नोकरी जाण्यासाठी आणि आजारपणासाठी आहे, बंद पडलेल्या प्लेअरसाठी नाही. हप्त्यांवर नवा घेण्यालाही माझा नकार आहे. नवा आयपॉड तर मिळणारच नाही: क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, शेवटचा आयपॉड टच २०२२ मध्ये. वापरलेला घ्यायचा झाला तर त्याची बॅटरीही म्हातारी असणार, तिचे पैसे किमतीत आधीच धरा. दोन-तीन महिने फोनवर ऐका आणि तेवढी रक्कम बाजूला टाका. फोन हातात न घेता रात्री ऐकण्याची सवय मोडवत नाही असं तुम्ही लिहिलंय. माझ्या दृष्टीने खर्चाला ते कारण पुरेसं आहे, फक्त पैसे साठल्यावर.

आणि हो, आयपॉडची पाठ फुगलेली दिसली तर तपासणीही विसरा. ती बॅटरी घरात ठेवू नका, टोचू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. डिस्क तेवढी त्यांच्याकडूनच काढून घ्या.