खासदाराच्या ऑफिसातला जाच : तक्रार कुठे करायची?

प्रश्न : माझी भाची लंडनमध्ये एका ब्रिटिश खासदाराच्या ऑफिसात नोकरी करते. साहेब चारचौघांत अपमान करतात, रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवतात. पक्षाच्या प्रतोदांना सांगितलं, ते 'बघतो' म्हणाले. पुढे काहीच नाही. तिने काय करावं?

उत्तर : प्रतोदांच्या कानावर घातलं म्हणजे तक्रार नोंदली गेली, असं होत नाही. प्रतोद पक्ष सांभाळतात, कर्मचारी नव्हे. शिवाय तिथे खासदार आपली माणसं स्वतः नेमतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच मालक. म्हणूनच २०१८मध्ये संसदेत 'आयसीजीएस' ही स्वतंत्र यंत्रणा सुरू झाली. भाचीने थेट आयसीजीएसच्या हेल्पलाइनला फोन करावा. नुसता सल्ला घेतला, तरी तक्रार करायचं बंधन नाही.

अपमान, धमकावणी यांची तक्रार घटनेपासून एका वर्षात करायला हवी. लैंगिक गैरवर्तनाला अशी मुदत नाही. आजपासूनच तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर माणसं लिहून ठेवावीत, मेसेजचे स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनमध्ये ठेवावेत. मात्र ऑफिसचे मेल सरसकट घरच्या पत्त्यावर पाठवू नयेत. त्यात मतदारांची खासगी माहिती असते, आणि मग उलट तिच्यावरच ठपका येतो.

चौकशी स्वतंत्र तपासनीस करतो. 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढा पुरावा पुरतो. त्यावर संसदेचे आचार आयुक्त निर्णय देतात. गंभीर प्रकरण स्वतंत्र तज्ज्ञ पॅनेलकडे जातं, ज्यात एकही खासदार नसतो. निलंबनावर सभागृह चर्चेविना मतदान करतं. २०२१मध्ये खासदार रॉब रॉबर्ट्स सहा आठवडे निलंबित झाले, पण शिक्षा या पॅनेलची असल्याने मतदारांना त्यांना परत बोलावण्याची प्रक्रिया सुरूच झाली नाही. ही उघड पळवाट होती. त्याच वर्षी ती बुजवली, हे फार बरं झालं.

चौकशीला महिनोन् महिने लागतात. रोजगार न्यायाधिकरणाची मुदत वेगळी, बरीच कमी असते आणि या चौकशीमुळे ती थांबत नाही. तिथे जायचं असेल तर आधी 'एकॅस' या तडजोड संस्थेला कळवावं लागतं. नेमकं इथेच अनेकांचं नुकसान होतं.

प्रश्न : मी आमदारांच्या संपर्क कार्यालयात कंत्राटी आहे. आम्ही सहाच जण. आमच्याकडे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती नाही.

उत्तर : दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कंत्राटी स्त्रीही येते. लेखी तक्रार तीन महिन्यांत द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा मिळू शकते, पण ती लेखी मागावी लागते. आमदारांचा विशेषाधिकार सभागृहातल्या भाषणाला आणि मताला आहे, कार्यालयातल्या वागण्याला नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. नुसती शिवीगाळ, दमदाटी मात्र या कायद्यात बसत नाही. ब्रिटनसारखी सोय आपल्याकडे व्हायलाच हवी.