एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ आणि ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ असे एरर येतात, मित्र ई-सिम वापर म्हणतो, सॉफ्टवेअर बदलू का?

बदलून काही फरक पडणार नाही. मित्र सुचवतोय ते ई-सिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर चांगलंच आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं, फुकट आणि खुलं. पण त्याच्या पोटात एनजीस्पाइस हे गणित करणारं इंजिन चालतं, आणि एनजीस्पाइस काय किंवा एलटीस्पाइस काय, घराणं एकच: १९७० च्या दशकात बर्कलीला तयार झालेला स्पाइस. तुमचं सर्किट आहे तसं तिकडे नेलंत तर तक्रारही तीच येईल, फक्त शब्द जरा वेगळे असतील.

तुम्ही लिहिलंय की २३० व्होल्टचा सोर्स, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, पुढे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि लोड. ग्राउंड एकच, तेही डीसी बाजूच्या मायनसला. खऱ्या पॉवर सप्लायमध्ये हे बरोबरच आहे, पण सिम्युलेटर इथेच अडतो.

स्पाइस प्रत्येक नोडला (तारा जुळतात त्या बिंदूला) किरचॉफचा करंटचा नियम लावतो, समीकरणं मॅट्रिक्समध्ये भरतो आणि सगळे व्होल्टेज ग्राउंडच्या, म्हणजे नोड ० च्या तुलनेत काढतो. ट्रान्सफॉर्मर प्रायमरी आणि सेकंडरी यांना फक्त चुंबकीयदृष्ट्या जोडतो, तारेने नाही. त्यामुळे तुमची सगळी प्रायमरी हवेत लटकलेली आहे. तिथला व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत ५ आहे की ५ लाख, हे ठरवणारं एकही समीकरण नाही. मग मॅट्रिक्स सुटणार कसा? हाच तो ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’. प्रायमरीच्या न्यूट्रलपासून ग्राउंडला एक मोठा रेझिस्टर टाका, एरर जाईल.

हा रेझिस्टर टाकताना एक सापळा आहे. स्पाइसला कॅपिटल आणि स्मॉल यातला फरक कळत नाही. ‘१एम’ लिहिलंत तर तो एक मिलीओहम धरतो. मेगओहम हवा असेल तर ‘१मेग’ लिहावं लागतं. न्यूट्रलच्या जागी ही गडबड झाली तर नशिबाने काही बिघडत नाही, कारण त्या वाटेने परतीचा रस्ताच नाही. पण तोच ‘१एम’ आउटपुटला ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) म्हणून लावलात तर आउटपुट चक्क शॉर्ट. माझ्याकडे ‘आउटपुट शून्य येतंय’ म्हणून ज्या फायली येतात, त्यात मी आधी हेच बघतो. कपॅसिटरचंही तसंच: नुसतं ‘१एफ’ म्हणजे एक फॅरड नव्हे, एक फेम्टोफॅरड.

काहीजण यावर वेगळाच उपाय करतात: ट्रान्सफॉर्मर काढून सोर्स थेट ब्रिजला जोडतात आणि सोर्सच्या मायनसलाही ग्राउंड, आउटपुटच्या मायनसलाही ग्राउंड देतात. हे करू नका. ब्रिजचा एक डायोड शॉर्ट होतो आणि दर दुसऱ्या अर्ध्या सायकलला दुसरा एक डायोड थेट सोर्सवर येतो. एरर येत नाही, पण करंटचा ग्राफ आभाळाला भिडतो. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपच्या दोन्ही चॅनेलच्या ग्राउंड क्लिपा एसी आणि डीसी बाजूला लावल्या की हेच होतं, फक्त तिथे डायोड खरोखर उडतो.

आता प्रायमरी. सोर्स थेट इंडक्टरवर लावला असेल तर तोही एरर आहे. डीसीला इंडक्टर म्हणजे नुसती तार, आणि आदर्श सोर्सवर आदर्श तार म्हणजे न सुटणारं समीकरण. एलटीस्पाइस अशा लूपमधल्या सोर्सचं आणि इंडक्टरचं नाव घेऊन सांगतो, त्यामुळे एरर लॉग (कंट्रोल-एल) नीट वाचा. मालिकेत एक ओहम टाका. खऱ्या वायंडिंगला रेझिस्टन्स असतोच. साइन सोर्सच्या अँप्लिट्यूडच्या खान्यात २३० भरलं असेल तर तेही बदला. तिथे पीक लागतो, म्हणजे ३२५. आणि इंडक्टन्सचं गुणोत्तर फेऱ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग असतं: २३०:१२ साठी साधारण ३६७:१. सगळं जमलं की कपॅसिटरवर साधारण साडेपंधरा व्होल्ट दिसतील. सेकंडरीचा पीक १७, त्यातून दोन डायोडचे ड्रॉप वजा.

‘टाइमस्टेप टू स्मॉल’ ही निराळी भानगड. प्रत्येक क्षणी उत्तर जुळेपर्यंत सॉल्व्हर पुन्हा पुन्हा गणित करतो; जुळलं नाही तर वेळेचं पाऊल लहान करतो, तरी नाही तर आणखी लहान. शेवटी हार मानतो. कारण बहुतेकदा सर्किट फार ‘आदर्श’ असतं: नुसत्या ‘डी’ मॉडेलचा डायोड, ज्याला सीरिज रेझिस्टन्स नाही की जंक्शन कपॅसिटन्स नाही, शून्य राइज टाइमचा पल्स, करंट वाहत असताना अचानक तोडलेला इंडक्टर. डायोडला १एन४००७ सारखं खरं मॉडेल द्या, कपॅसिटरला थोडा सीरिज रेझिस्टन्स द्या, सेकंडरीवर रेझिस्टर-कपॅसिटरचा छोटा स्नबर (झटके शोषणारी जोडी) लावा. तुमच्या सर्किटचं काम एवढ्यावर भागायला हवं.

नेटवर ‘रेलटॉल (उत्तरात चालणारी चूक) ०.००१ वरून ०.०१ करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकण्यातला हा प्रकार. कधीकधी तो लागतो, मोठ्या स्विचिंग सर्किटमध्ये मीही वापरतो, पण चार डायोडच्या ब्रिजला नाही. ‘यूआयसी’ टिकमार्कचंही तेच: सुरुवातीचा ऑपरेटिंग पॉइंट (सर्किटची डीसी स्थिती) काढणंच टाळल्यामुळे लटकलेला नोड तात्पुरता झाकला जातो आणि पुढे ग्राफ वेडावाकडा येतो.

एवढं करूनही अडलं तर एररमधल्या नोडचं नाव पकडा, समजा ‘एन००३’. स्किमॅटिकमधल्या तारांवरून माउस फिरवला की खालच्या पट्टीत प्रत्येक नोडचं नाव दिसतं. तो नोड सापडला की तिथून ग्राउंडपर्यंत बोट फिरवा, कपॅसिटर तुटलेला समजून. रस्ता सापडला नाही तर रेझिस्टर तिथेच हवा आहे. आणि तरीही जमलं नाही तर चित्राचा फोटो नको, नेटलिस्ट (सर्किटची मजकुरातली यादी) चिकटवा. ‘एम’ आणि ‘मेग’ फोटोत दिसत नाहीत.