आधी पडायला शिक

प्रिय मित्रा,

सैन्यात रिक्रूट म्हणून जाण्याआधी तू हातघाईच्या लढतीसाठी पंचिंग बॅगवर ठोशांचा सराव सुरू केला आहेस. तो चालू ठेव, पण पहिले दोन-तीन आठवडे खरा वेळ पडण्याला दे. ठोसा चुकला तर बहुधा नेमच हुकतो. पडणं चुकलं तर मनगट नाहीतर कॉलरबोन मोडतं आणि प्रशिक्षणाची तुकडी तुला सोडून पुढे जाते.

मागे पडताना हनुवटी छातीला लाव, नजर कमरेच्या पट्ट्यावर ठेव, पाठ गोल कर आणि श्वास बाहेर सोड. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून साधारण 45 अंशांवर जमिनीवर आपट. हात फार पसरले तर खांद्यावर ताण येतो, अगदी अंगालगत राहिले तर कोपर धडाखाली सापडतं. सावरण्यासाठी हात मागे टेकवायची सवय उपजतच असते. तीच मोडायची आहे, कारण तसं केलं की सगळं वजन एका मनगटावर येतं. सुरुवात उकिडवं बसून कर, मग अर्धवट वाकून, मग उभ्याने आणि शेवटी जोडीदाराने ढकलल्यावर. डोकं एकदा जरी मॅटला लागलं तरी खालच्या पायरीवर परत ये.

पडल्यावर उठायचंही तंत्र आहे. एक हात मागे टेकव, विरुद्ध बाजूचं पाऊल जमिनीवर घट्ट रोव. दुसरा पाय समोरच्याला रोखायला पुढे आणि मोकळा हात चेहऱ्यासमोर. आता कंबर उचल आणि पुढचा पाय टेकलेल्या हाताकडे ओढून मागे घे. घाईत आधी गुडघ्यांवर येणारे डोकं खाली घालतात, आणि समोरच्याचा गुडघा नेमका तिथेच असतो.

पायदळाच्या जवानाची हातघाईची लढत म्हणजे स्पर्धेतली कुस्ती नव्हे. रायफल अडकली किंवा खोली अरुंद पडली, तर हत्यार पुन्हा हाती येईपर्यंत किंवा बडी, म्हणजे तुझ्या जोडीचा जवान, पोचेपर्यंत टिकायचं आणि समोरच्याला त्याचं हत्यार वापरू द्यायचं नाही, एवढंच काम. म्हणून डाव मोजके असावेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना शिकवणाऱ्या विल्यम फेअरबेर्न यांचा भर थोड्या, सोप्या हालचालींवरच होता. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाला बोटांची नाजूक कामं जमत नाहीत.

मूठ हे जपायचं हत्यार आहे. कवटीवर किंवा हेल्मेटवर ठोसा बसला की करंगळीमागचं हाड मोडतं, आणि मग त्या हाताने रायफल नीट पकडता येत नाही. चेहऱ्यावर तळव्याची टाच, म्हणजे मनगटालगतचा कठीण भाग, वापर, जवळून कोपर आणि गुडघा. छातीवर चिलखताची प्लेट असेल तर तिथे मारणं निव्वळ वाया. समोरच्याच्या अंगाला भिडलास की एक हात त्याच्या काखेतून घालून पाठीला लाव, डोकं त्याच्या हनुवटीखाली रेट आणि दुसऱ्या हाताने त्याचा हत्यार काढणारा हात धर. हा हात सुटला तर बाकी पकड कितीही घट्ट असो, उपयोग नाही.

साध्या कपड्यांत जमलेला डाव पूर्ण साजासह, म्हणजे हेल्मेट, प्लेट, रायफल अंगावर असताना, बिघडतो, हे आधीच ठाऊक असू दे. वजन वर चढल्याने तोल लवकर जातो. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायला, वाकलास की प्लेट गळ्याशी येते, हेल्मेट डोळ्यांवर सरकतं. स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, गळ्यात असेल तर ती धरून समोरचा तुलाच ओढतो. आधी सावकाश, मग जोडीदाराच्या विरोधासह, मग साज चढवून, आणि सर्वांत शेवटी धावून दमल्यावर, असा क्रम धर.

टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून 'सोड' असं सांगायला, लाजू नकोस. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते, आणि तेही फारसं न दुखता. हात अडकले असतील तर पाय आपट किंवा ओरड. टाच पिळण्याच्या डावात वेदना उशिरा येते, तोवर गुडघ्याचे अस्थिबंध गेलेले असतात. तिथे पकड बसताच टॅप. आणि समोरच्याने टॅप केलं की त्याच क्षणी सोड.

नखं कापलेली, अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढलेली, दातांना गार्ड. सराव संपताच आंघोळ. त्वचेवर गोल लाल चट्टा दिसला तर मॅटवर न जाता दाखव, नाहीतर सगळ्या बराकीत नायटा पसरेल.

डोक्याला मार लागून गरगरलं, धूसर दिसलं किंवा आठवेनासं झालं, तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. पुन्हापुन्हा उलटी, वाढती झापड किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यांत डॉक्टरकडे न्यायला एक मिनिटही थांबू नये. ज्याला लागलंय त्याला स्वतःला हे कळेलच असं नाही, म्हणून बडीला ही लक्षणं आजच सांगून ठेव.

पहिल्या आठवड्यात मांड्या आणि दंड दुखतील, ते ठीक. मान दुखत असेल तर पडताना हनुवटी सुटते आहे. तसं झालं तर लगेच कळव.

तुझा हितचिंतक