चित्रं, गाणी, नाटक यानं मुलं खरंच वाचायला लागतात का?

तुम्ही विचारलंय की ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर, दर रविवारी जाता, मुलं चित्रं काढतात, गाणी म्हणतात, धमाल करतात पण वाचायला काही येत नाही, मग हा नुसता टाईमपास आहे का. मी तीन हंगाम हेच केलंय आणि पहिल्या हंगामात माझाही टाईमपासच झाला. छापील मोर नेले रंगवायला, सगळे मोर निळे झाले, अक्षर एकालाही आलं नाही.

मग एकदा एका नऊ-दहा वर्षांच्या पोरीनं कोपी काढली, शेजारी आई आणि हिरवा भारा. हे काय म्हटलं तर म्हणाली, "माही माय वाढं बांधती." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांचा चारा. मी शहाण्यानं खाली लिहिलं, 'माझी आई चारा बांधते'. तिला ते काही केल्या वाचता येईना, येणार कसं, ते तिचं वाक्यच नव्हतं! खोडून ती बोलली तस्संच लिहिलं तर बोट फिरवत म्हणून दाखवलं. पाठ होतं हो, मान्य. पण पुढच्या रविवारी त्याच चार शब्दांच्या चिठ्ठ्या करून उलटसुलट ठेवल्या तर तिनं वाक्य लावलं, आणि 'माही' आणि 'माय' दोन्हीत एकच अक्षर आहे हे तिनंच मला दाखवलं. बारसं झालं मा चं.

म्हणजे चित्र पुरेसं नाही, चित्राखाली मुलाचं बोलणं त्याच्यासमोर लिहायचं, शुद्धलेखन वगैरे नंतर. नाटकाचंही तेच, संवाद तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर द्या, "थांब!" एवढा एकच शब्द असला तरी आपला डायलॉग काय आहे हे कळायला पोरगं चिठ्ठीशी झटापट करतं.

आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच धरलं, मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्या, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा काढली त्यांनी. आजही पालघरकडे क्वेस्ट या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या गोष्टरंग उपक्रमातले नट आश्रमशाळांत गोष्टी नाटकासारख्या करून दाखवतात, जमलं तर बघून या.

तुमची खरी अडचण वेगळी आहे, फड, म्हणजे तोडायचं उसाचं रान, संपला की मुकादम टोळी उठवतो आणि पुढच्या रविवारी कोप्यांच्या जागी नुसती पाचट. म्हणून फळ्यावर किंवा चार्टवर मेहनत घालू नका. पाठकोरे कागद दुमडून शिवा, प्रत्येकाची आपापली वही, त्यात त्याचीच चित्रं आणि त्याचीच वाक्यं, म्हणजे ती सोबत जाते. त्या पोरीची वही पत्र्याच्या पेटीत, कोयत्याला धार लावायच्या कानशीशेजारी असायची. वहीवरचं नाव मात्र तुम्ही लिहू नका, ज्याचं त्याला लिहू दे, अक्षर उलटं आलं तरी येऊ दे.