टेनिसच्या सार्वजनिक कोर्टावर पिकलबॉलही खेळले जाणार असेल, तर वेळेची वाटणी कशी करावी?

तुमच्या पार्कात दोनच टेनिस कोर्ट आहेत, पालिकेने त्यांवर पिकलबॉलच्या (पॅडल म्हणजे लहान टणक बॅट आणि भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन टेनिससारखा खेळायच्या खेळाच्या) निळ्या रेषा मारल्यापासून रोज संध्याकाळी फाटकाशी वाद होतो, आणि अशा वेळी पहिला हक्क कोणाचा, असे तुम्ही विचारले आहे. मी सिएटलजवळच्या एका उपनगरात चौदा वर्षे टेनिस खेळतो आणि माझी पत्नी तीन वर्षांपासून पिकलबॉल खेळते, त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी मला जेवणाच्या टेबलावरच ऐकायला मिळतात. पहिला हक्क कोणाचाच नाही. पार्क सर्वांच्या करातून चालते, आणि ‘टेनिस कोर्ट’ हे नाव सवयीने पडलेले आहे. पण एवढे मान्य केल्याने भांडण मिटत नाही, कारण ते मुळात हक्काचे नसून रांगेचे आहे.

टेनिसवाले जोडीने येतात, कुंपणाला बॅग अडकवून बाकावर बसतात आणि आतल्यांचा तास संपला की आत जातात. पिकलबॉलवाले बरेचदा एकेकटे येतात, आपली पॅडल फाटकाजवळच्या रॅकमध्ये लावतात आणि अकरा गुणांचा गेम संपला की रॅकमधली पुढची चार पॅडले आत जातात. एक गेम साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, त्यामुळे माणसे सतत बदलत राहतात, पण कोर्ट असे कधी मोकळे होतच नाही. उलट बाजूने पाहिले तर, बारा-पंधरा माणसे ताटकळत असताना दोघेच जण तासभर एकेरी खेळत बसले आहेत, हे दृश्य पिकलबॉलवाल्यांना उर्मटपणाचे वाटते. दोघांचीही तक्रार खरी असते.

आमच्या पार्कात ‘जो आधी येईल तो खेळेल’ अशी पाटी होती. एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी आणि माझा जोडीदार फाटकाशी उभे होतो. आतला गेम ११-९ असा संपला, मी कडी काढली, तर एका गृहस्थांनी अतिशय सौजन्याने रॅककडे बोट दाखवून सांगितले की रांग तिथे आहे. माझ्या जोडीदाराने निमूटपणे आपली टेनिसची रॅकेट त्या खाचेत उभी केली, पण खाच पॅडलच्या मापाची असल्यामुळे रॅकेट कलंडून खाली पडली. सगळेच हसले, आम्हीही हसलो. कोर्ट मात्र दिवे जायला दहा मिनिटे उरली तेव्हा मिळाले.

म्हणून माझा आग्रह असा की वाटणी घड्याळाने करावी आणि ती फाटकावर लिहून लावावी. आमच्याकडे आता सकाळी बारापर्यंत एक कोर्ट पिकलबॉलचे असते, कारण त्या वेळी येणारे बहुतेक निवृत्त लोक तोच खेळ खेळतात. संध्याकाळी ते कोर्ट एक दिवसाआड एकेका खेळाला दिले जाते आणि दुसरे कोर्ट कायम टेनिससाठी राहते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : एका वेळी एका कोर्टावर एकच खेळ. अर्ध्या भागात हे आणि अर्ध्या भागात ते, हा प्रयोग आम्ही करून पाहिला आणि आठवड्यातच सोडला. भोके असलेला तो हलका प्लास्टिकचा चेंडू वाऱ्याने टेनिसच्या रॅलीत घरंगळत येतो, आणि टेनिसची जोरदार सर्व्हिस पलीकडे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाला लागू शकते.

जाळ्याचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. टेनिसचे जाळे मध्यभागी ३६ इंच आणि खांबांपाशी ४२ इंच उंच असते; पिकलबॉलला मध्यभागी ३४ आणि कडेला ३६ इंच लागते. त्यामुळे काही जण मधला पट्टा ओढून जाळे खाली घेतात आणि तसेच ठेवून निघून जातात. त्यापेक्षा चाकांची सुटी जाळी ठेवावीत, कुंपणापाशी कुलपाची पेटी असावी, आणि जाळी लावण्या-काढण्याची दहा मिनिटे त्या-त्या खेळाच्या वेळेतच धरावीत. आमच्याकडे शेवटचे चौघे जाळे आवरतात. निदान तसे ठरले आहे.

सुरुवातीला रेषांबद्दल बराच ओरडा होतो, पण रंग कोर्टाच्या रंगाशी मिळताजुळता असेल तर महिन्याभरात डोळे सरावतात.

आता आकारमानाचा हिशेब पाहा. पिकलबॉलचे कोर्ट २० बाय ४४ फूट, म्हणजे नेमके बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढे असते, आणि यात योगायोग नाही : १९६५ साली आमच्या इथल्याच बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तो जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. (बॅडमिंटनला एकेकाळी ‘पूना’ म्हणत, तेव्हा दूरचे का होईना, पुण्याशी नाते निघतेच.) आजूबाजूची मोकळी जागा धरून एका टेनिस कोर्टाच्या जागेत अशी चार कोर्टे बसतात, म्हणजे दोघा-चौघांच्या जागी सोळा जण खेळतात. टेनिसवाला असूनही मला वाटते की तुमच्याकडे गर्दी खरोखरच तेवढी असेल, तर दोन्ही कोर्टे मिश्र ठेवण्यापेक्षा एक कायमचे पिकलबॉलला देऊन टाकावे आणि दुसऱ्यावरच्या निळ्या रेषा पुसून घ्याव्यात. मात्र टणक पॅडलवर चेंडू आपटल्याचा टक-टक आवाज लांबवर जातो, म्हणून घरांपासून दूरचे कोर्ट निवडावे, नाहीतर शेजाऱ्यांची वेगळीच आघाडी उघडेल.

पालिकेच्या बैठकीला जाण्याआधी दोन आठवडे तासातासाची मोजणी करून ठेवा, आणि त्यात खेळणारे, थांबलेले आणि फाटकावरूनच परत गेलेले असे तीन वेगळे रकाने करा. रॅक पाहून मागे वळणारे टेनिसवाले एरवी कोणाच्याच आकड्यात येत नाहीत.