मानेतली नळी अजून हवी आहे का, हे रोज विचारा

दादा, तुम्ही लिहिलंय की वडील 68 वर्षांचे, मधुमेही, न्यूमोनियासाठी परळला आयसीयूत आहेत आणि अकराव्या दिवशी ब्लड कल्चरमध्ये (रक्तात जंतू वाढतात का, हे बघणारी तपासणी) क्लेब्सिएला हा जंतू आला. ‘घरच्या डब्यामुळे झालं का?’ असं तुम्ही दोनदा विचारलंय. डब्यामुळे नाही. ते आधी मनातून काढून टाका.

मुंबईत 21 वर्षं मी आयसीयूत सिस्टर होते. दाखल झाल्यावर इतक्या दिवसांनी रक्तात जंतू सापडले की आम्ही आधी नळ्यांकडे बघायचो: मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत टाकलेली नळी), लघवीची नळी, व्हेंटिलेटर, डायलिसिसचा कॅथेटर. क्लेब्सिएला तसा आतड्यात राहणारा. अँटिबायोटिक्सने बाकीचे जंतू मेले की त्याचं फावतं, आणि साखर चढलेली असली की शरीर अडवायला कमी पडतं.

वाचतील का? बीपी औषधाशिवाय टिकतंय का आणि लघवी नीट होतेय का, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत बरंच काही सांगून जातं. मग कल्चरच्या रिपोर्टचं दुसरं पान, जंतूवर कोणतं औषध चालतं ते सांगणारं. मेरोपेनेम या जोरदार अँटिबायोटिकसमोर ‘रेझिस्टंट’, म्हणजे जंतूवर चालत नाही, असं असेल तर लढाई अवघड होते, कारण मग कोलिस्टिनसारखी मूत्रपिंडाला जड जाणारी औषधं किंवा फार महागडी औषधं उरतात. हे पान जंतूच्या नावानंतर एखाद-दोन दिवसांनी येतं. म्हणून मधेच औषध बदललं तर डॉक्टर गोंधळलेत असं समजू नका.

पण नुसतं औषध पुरत नाही. जंतू नळीवर ठाण मांडून बसला असेल तर ती काढावीच लागते. राउंडला रोज विचारा, ‘डॉक्टर, ही लाइन अजून लागतेय का?’ विचारायला संकोचू नका. मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी हात धुणं, लाइन टाकताना पूर्ण निर्जंतुक कपडे, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, मांडीतली लाइन टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं एवढंच नेटाने केलं, आणि लाइनमुळे होणारे रक्तसंसर्ग 66 टक्क्यांपर्यंत घटले. 2006 साली ते प्रसिद्ध झालं. यात नवं औषध एकही नव्हतं.

तुमच्याकडून एकच हवं. लोकलच्या दांड्याला धरलेले हात पलंगाजवळ जाण्याआधी आणि बाहेर येताना सॅनिटायझरने चोळून घ्या. सिद्धिविनायकाचा अंगारा पुडीतच उशाशी ठेवा, लाइनच्या पट्टीजवळ बोटं नकोत. काकूंनाही सांगा, त्या रागावणार नाहीत.

आणि अँटिबायोटिक सात दिवसांत थांबवलं तर घाबरू नका. संसर्गाचं मूळ हटलं असेल आणि रुग्ण सावरत असेल, तर सात दिवस चौदाइतकेच पुरतात, हे 2024 साली 3,600हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. स्टॅफिलोकोकस ऑरियस या दुसऱ्या जंतूची गोष्ट वेगळी, तो त्या अभ्यासात नव्हता.

रात्री ते असंबद्ध बोलतात म्हणालात. गंभीर संसर्गात असं होतं, पण नर्सना जरूर सांगा. त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र उद्या घेऊन जा, म्हणजे त्यांना नीट दिसेल, ऐकू येईल. मेरोपेनेमसमोर काय लिहिलंय ते कळवा, मी रात्री बघते.