तटस्थ, पण कुणासाठी?

प्रिय,

शारजातल्या अफगाणिस्तान-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय क्रिकेट मालिकेवरचा तुझा लेख दोनदा वाचला. एकदा टपरीवर चहा घेताना आणि एकदा घरी लाल पेन हातात धरून. सवय जुनी आहे, राग मानू नकोस. भाषा स्वच्छ आहे, आकडे बरोबर आहेत. पण तिसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्यावर इतक्या जोरात काट मारली की कागद फाटला. ‘सामने तटस्थ मैदानावर असल्याने दोन्ही संघांना समान संधी होती.’

हे वाक्य मीही बरीच वर्षं लिहिलं. रात्रपाळीला बातमी यायची, तिच्यात ‘तटस्थ मैदान’ असायचं, ते तसंच उचलायचं आणि पान छपाईला सोडायचं. तटस्थ म्हणजे नेमकं कुणासाठी, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तुझेच आकडे घे. सप्टेंबर 2024, पहिला सामना. दक्षिण आफ्रिका 7 बाद 36, मग सर्वबाद 106. दुसऱ्यात अफगाणिस्तान 4 बाद 311, आफ्रिका 134, म्हणजे 177 धावांनी हार. राशीद खानचा त्या दिवशी वाढदिवस, आणि त्याचे 19 धावांत 5 बळी. आता सांग, यात समान संधी कुठं दिसते? अफगाणिस्तानला स्वतःच्या देशात मोठा संघ बोलावता येत नाही. ग्रेटर नोएडा, डेहराडून, लखनौ असं भाड्याच्या घरात राहावं तसं त्यांनी क्रिकेट खेळलं, आणि शारजात तर ते वर्षानुवर्षं खेळतायत. या मालिकेचे यजमानही तेच होते. मैदान कागदावर परकं, पण पायाखालची खेळपट्टी ओळखीची.

मात्र लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. ‘संथ खेळपट्टी, फिरकीचं जाळं’ हे वाक्य तुझ्या पेनातून निघायच्या बेतात आहे, मला दिसतंय. पहिल्या सामन्यात आफ्रिकेचे चार गडी अफगाणिस्तानच्या फारुकीनं घेतले, आणि तो डावखुरा वेगवान गोलंदाज आहे. शिवाय तिसरा सामना त्याच मैदानावर आफ्रिकेनं सात गडी राखून जिंकला. तो तू एका ओळीत उरकलास, कारण तो तुझ्या गोष्टीत बसत नव्हता. लेका, लेख तिथंच होता! चार दिवसांत आफ्रिकेच्या लोकांना काय कळलं, त्यांच्या मार्करमनं टिकून 69 कशा काढल्या, ते लिही. तेव्हा घरचे सामने अमिरातीत खेळणाऱ्या पाकिस्ताननं 2012 साली इंग्लंडला तिथं कसोटीत 3-0 असं धुतलं आणि त्याच दौऱ्यात, त्याच दुबई-अबुधाबीत एकदिवसीय मालिका 4-0 अशी गमावली. मैदान ओळखीचं असणं एवढ्यावर सगळं भागत नाही.

आपल्याकडचंच बघ की. कोल्हापुरात फुटबॉलला शाहू स्टेडियमवर कुठल्या पेठेचं घरचं मैदान असतं? कुणाचंच नाही. सगळ्यांचे सामने तिथंच, म्हणजे नियमानं पक्कं तटस्थ. पण फायनलच्या दिवशी कुठल्या बाजूला कुणाची पोरं बसतात आणि कॉर्नर घ्यायला गेलेल्या पोराच्या कानात काय काय पडतं, हे तुला मी सांगायला नको. खासबागेच्या कुस्ती मैदानात बाहेरगावचा पैलवान हौद्यात उतरला की मूठभर माती उचलून हाताला, मानेला चोळतो. रीत आहेच, पण मला वाटतं त्यात माती किती ओली, किती भुसभुशीत याचा अंदाजही तो घेत असणार. तुझ्या लेखात माती चोळलेली दिसत नाही.

शारजाच्या जुन्या सामन्यांच्या तारखा काढ आणि वार बघ. 22 मार्च 1985, भारत 125 आणि पाकिस्तान 87. 18 एप्रिल 1986, मियाँदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार. 24 एप्रिल 1998, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवशीच्या 134. तिन्ही शुक्रवार. तिथली साप्ताहिक सुट्टी तेव्हा शुक्रवारची होती आणि स्टँड भरायचे ते पोटासाठी तिकडं गेलेल्या भारत-पाकिस्तानच्या माणसांनी. ते मैदान यजमानांचं नव्हतंच, पण रिकामंही नव्हतं. प्रेक्षक कोण होते हे लिहिल्याशिवाय तटस्थ हा शब्द मी पुढं जाऊ देणार नाही.

दुबईचा विषय तू टाळलास, बहुतेक घाबरून. भारताची बाजू कमी होईल असं वाटलं असेल. 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचं यजमानपद पाकिस्तानकडं, आणि आपले पाचही सामने दुबईत. न्यूझीलंडनं 5 मार्चला लाहोरात 6 बाद 362 केल्या आणि 9 मार्चला दुबईतल्या अंतिम सामन्यात 7 बाद 251. संघ तोच, मध्ये फक्त चार दिवस. आपण पाच फिरकीपटू घेऊन एकाच शहरात मुक्काम ठोकला होता, बाकीच्यांच्या बॅगा विमानात फिरत होत्या. हे लिहिल्यानं रोहितच्या 76 धावांचं मोल कमी होत नाही. चांगला खेळलेला संघही सोयीत खेळलेला असू शकतो, आणि वाचकाला या दोन्ही गोष्टी एकत्र पचतात. तो तुला वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे.

रात्रीचा सामना असेल तर दवाकडं लक्ष ठेव. 2021 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना दुबईतच. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार फिंचनं नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं आणि ऑस्ट्रेलियानं 173 चं लक्ष्य आठ गडी राखून गाठलं. दुसऱ्या डावात चेंडू ओला झाला की फिरकीपटूच्या बोटातून साबणासारखा निसटतो. म्हणून धावफलकाशेजारी एक वेगळा रकाना आख आणि कितव्या षटकात गोलंदाजानं टॉवेल मागितला ते त्यात टिपून ठेव. मी हे फार उशिरा शिकलो. आमच्या वेळी टीव्हीवर दिसायचंही कमी, हा बहाणा मी करू शकतो, तुला तो नाही.

आता काम. तिसरा परिच्छेद काढून टाक. तिसऱ्या सामन्यापासून सुरुवात कर, मग मागं जा. शेवटी ‘क्रिकेटचा विजय झाला’ असलं काही लिहिलंस तर पुढचा लेख मी वाचणार नाही. गुरुवारपर्यंत पाठव. आणि रविवारी शाहू स्टेडियमला मॅच आहे, वही घेऊन ये. आपल्या पेठेच्या बाजूला बसायचं नाही, समोरच्या बाजूला बसायचं. शेंगा मी आणतो.

तुझा,
काका